दोमिंगो फाउस्तिनो सार्मिएन्तो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्जेन्टिनाचे एकोणिसाव्या शतकातील राष्ट्राध्यक्ष सार्मिएन्तो यांच्याविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सार्मिएन्तो नेमके कोण होते?

ते शाळामास्तर, पत्रकार, लेखक, मुत्सद्दी आणि १२ ऑक्टोबर १८६८ ते १२ ऑक्टोबर १८७४ या सहा वर्षांत आर्जेन्टिनाचे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८११ रोजी अँडीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सान हुआन गावी झाला आणि मृत्यू ११ सप्टेंबर १८८८ रोजी पेराग्वेची राजधानी असुन्सिओन येथे झाला. १८६२ मध्ये बुएनोस आइरेस आणि इतर प्रांत एका सरकाराखाली आल्यानंतर बार्तोलोमे मित्रे हे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्यामागून सार्मिएन्तो आले. देशात त्यांची ओळख ‘वर्गाचे जनक’ अशी आहे. त्यांचे विरोधक मात्र त्यांना हयातीतच ‘वेडा सार्मिएन्तो’ म्हणत, आणि हे नाव त्यांच्या कानावर येत नसे असे समजण्याचे कारण नाही.

२. त्यांचे खरे नाव दोमिंगो नव्हते असे वाचले. मग हे नाव कुठून आले? उच्चार कसा करायचा?

बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांचे नाव फाउस्तिनो व्हालेन्तिन असे ठेवले गेले. पंधरा फेब्रुवारी हा संत फाउस्तिनो यांचा दिवस आणि चौदा फेब्रुवारी संत व्हॅलेंटाइन यांचा, म्हणजे पंचांग पाहून ठेवलेले नाव म्हणावे तसे ते होते. घरात संत दोमिंगोची भक्ती असल्यामुळे पुढे ‘दोमिंगो’ हे नाव चिकटले आणि तेच टिकले. उच्चार ‘सार्मिएन्तो’ असा करावा. इंग्रजी वळणाने केलेला ‘सार्मेन्टो’ हा उच्चार चुकीचा आहे.

३. त्यांचे बालपण गरिबीत गेले हे खरे आहे का? शिक्षण कोठे झाले?

गरिबी खरी होती. वडील होसे क्लेमेन्ते हे स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धातले सेनापती सान मार्तिन यांच्या सैन्याबरोबर गेलेले, देशप्रेमाने भारलेले, पण कमाईत स्थिर नसलेले गृहस्थ होते. घर चालवले ते आई पाउला आल्बाराथिन यांनी. अंगणातल्या अंजिराच्या झाडाखाली त्यांचा हातमाग मांडलेला असे; आठवड्याला एका मठवासी साधूच्या झग्याला पुरेल एवढे कापड त्या विणत आणि शनिवारी त्याचे पैसे हाती येत. घराच्या भिंतीसुद्धा याच कमाईतून उभ्या राहिल्या. पुढे बहिणींना ते जुने अंजिराचे झाड नव्या रीतीच्या घराला शोभेना, म्हणून त्यांनी ते तोडायला लावले, आणि कुऱ्हाडीच्या घावांचा आवाज ऐकून आईच्या डोळ्यांना पाणी आले, हा प्रसंग सार्मिएन्तोंनी १८५० मध्ये लिहिलेल्या ‘प्रांतातल्या आठवणी’ या आत्मचरित्रात आहे. ज्या लेखकाने आयुष्यभर जुने पाडून नवे उभारण्याचा आग्रह धरला, त्याने हे झाड एवढ्या हळव्या हाताने रंगवावे, हे आम्हाला त्या पुस्तकातले सर्वांत लक्षणीय स्थळ वाटते.

स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात सान हुआनमध्ये निघालेल्या ‘देशाची शाळा’ नावाच्या शाळेत ते शिकले. त्यानंतर बुएनोस आइरेसच्या विद्यालयात प्रत्येक प्रांतातील सहा मुलांना सरकारी खर्चाने पाठवण्याची योजना आली, परंतु चिठ्ठ्या टाकून निवड झाली आणि त्यांची चिठ्ठी निघाली नाही. येथे त्यांचे औपचारिक शिक्षण संपले. १८२६ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, होसे दे ओरो या धर्मगुरू मामांबरोबर ते सान लुइस प्रांतातल्या एका खेड्यात गेले आणि तेथे शाळा काढून स्वतः शिकवू लागले. त्यांचे काही विद्यार्थी त्यांच्याहून वयाने मोठे होते.

४. त्यांना चिलीला का पळावे लागले? भिंतीवर कोळशाने लिहिल्याची गोष्ट खरी आहे का?

त्या काळात आर्जेन्टिना दोन पक्षांत दुभंगला होता. केंद्रवादी पक्षाला राजधानीतून चालणारे एकच सरकार हवे होते, तर संघराज्यवादी पक्ष प्रांतांच्या स्वायत्ततेचा होता. प्रत्यक्षात मात्र अनेक प्रांतांत घोडेस्वारांच्या टोळ्या बाळगणाऱ्या ‘कौदियो’ नावाच्या सरदारांचे राज्य होते. सार्मिएन्तो केंद्रवाद्यांच्या बाजूने लढले आणि पराभव झाल्यावर १८३१ मध्ये चिलीत गेले. तेथे त्यांनी मास्तरकी केली, वालपाराइसोत दुकानात कारकुनी केली, कोपियापोच्या खाणीत मुकादमी केली. दुकानातल्या पगारातले निम्मे पैसे ते इंग्रजीच्या शिकवणीला देत आणि पहाटे दोनला उठवावे म्हणून गस्तवाल्याला आठवड्याचे पैसे वेगळे मोजत.

आजारपणामुळे १८३६ मध्ये ते परतले आणि १८३९ मध्ये त्यांनी सान हुआनमध्ये मुलींचे विद्यालय आणि ‘एल सोन्दा’ हे वृत्तपत्र सुरू केले. वृत्तपत्र लवकरच बंद पाडले गेले. १८४० मध्ये अटक आणि मारहाण झाल्यावर त्यांना पुन्हा देश सोडावा लागला. वाटेत सोन्दाच्या स्नानकुंडांपाशी त्यांनी कोळशाने एक फ्रेंच वाक्य लिहिले. त्याचा अर्थ, विचारांना ठार करता येत नाही. सरकारने ती अगम्य लिपी उलगडण्यासाठी समिती पाठवली आणि अर्थ कळल्यावर सदस्य विचारू लागले, ‘बरे, मग याचा अर्थ काय?’ ही कथा आपल्याला कळते ती सार्मिएन्तोंच्याच लेखणीतून, त्यामुळे तिला मीठमसाला लागलेला असण्याची शक्यता धरून ती वाचावी. आज शाळांतून सांगितले जाणारे ‘रानट्यांनो, विचार मारता येत नाहीत’ हे रूप नंतरचे आहे.

५. ‘फाकुन्दो’ हे पुस्तक एवढे का गाजले?

१८४५ मध्ये चिलीतल्या ‘एल प्रोग्रेसो’ या वृत्तपत्रात ते प्रथम क्रमशः छापले गेले. वरवर पाहता ते ला रिओहा प्रांतातील कौदियो हुआन फाकुन्दो किरोगा याचे चरित्र आहे. फाकुन्दोचा १६ फेब्रुवारी १८३५ रोजी कोर्दोबाजवळ बारांका याको येथे घोडागाडीतच खून झाला होता. परंतु लेखकाचा खरा नेम होता तो बुएनोस आइरेसचा हुकूमशहा हुआन मानुएल दे रोसास याच्यावर. ‘सुधारणा आणि रानटीपणा’ अशी जोडी मांडून सार्मिएन्तोंनी शहर, शाळा, छापखाना व युरोपीय रीत एका बाजूला ठेवली आणि अफाट गवताळ पाम्पा, घोडा, सुरा व कौदियो दुसऱ्या बाजूला. ही मांडणी राजकीय हत्यार म्हणून घडवलेली आहे आणि इतिहास म्हणून तीत अनेक चुका आहेत. प्रकाशनानंतर लेखकाच्या मित्रांनीही त्या दाखवून दिल्या होत्या. तरीही पुस्तक जिवंत राहिले. याचे कारण असे की ज्यांचा धिक्कार करायला लेखक बसला, त्या माग काढणाऱ्या वाटाड्यांची, गाणाऱ्या गाउचोंची (पाम्पावरच्या घोडेस्वार गुराख्यांची) आणि खुद्द फाकुन्दोची वर्णने त्याच्या हातून विलक्षण आपुलकीने उतरली. याच मांडणीचे पुढे सत्तेत गेल्यावर काय झाले, ते प्रश्न १२ मध्ये पाहावे.

६. त्यांनी स्पॅनिश शुद्धलेखन बदलण्याचा प्रयत्न केला होता का?

होय. ऱ्हस्व-दीर्घाच्या वादावर पोसलेल्या मराठी वाचकाला हे प्रकरण जवळचे वाटेल. १८४३ मध्ये चिली विद्यापीठापुढे त्यांनी असा प्रस्ताव वाचला की अमेरिका खंडातल्या लोकांनी आपण बोलतो तसे लिहावे, माद्रिदमध्ये बोलतात तसे नव्हे. उच्चार न होणारा एच आणि आपल्याकडे वेगळा उच्चार नसलेली व्ही, झेड यांसारखी अक्षरे काढून टाकावीत, म्हणजे शाळेतल्या पोराचा वेळ वाचेल, असा त्यांचा मुद्दा होता. संपूर्ण योजना मान्य झाली नाही. पण विद्यापीठाने सौम्य स्वरूपात काही बदल स्वीकारले आणि ‘आणि’ या अर्थाचा ‘वाय’ हा शब्द ‘आय’ने लिहिण्याची पद्धत चिलीत १९२७ पर्यंत टिकली. ‘फाकुन्दो’च्या पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकातही हेच लेखन आहे.

७. ते देशात नसतानाच निवडून आले, हे कसे?

१८६५ पासून ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आर्जेन्टिनाचे राजदूत होते. तत्पूर्वी १८४५ ते १८४८ या काळात चिली सरकारच्या वतीने त्यांनी युरोप, अल्जीरिया आणि संयुक्त संस्थाने पाहिली होती आणि बोस्टनजवळ शिक्षणसुधारक होरेस मान व त्यांच्या पत्नी मेरी मान यांची भेट घेतली होती. १८६८ च्या निवडणुकीत ते कोणत्याही बलाढ्य प्रांतिक गटाचे उमेदवार नव्हते. तेव्हा चालू असलेल्या पेराग्वेच्या युद्धात (प्रश्न १४) आघाडीवर असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी, विशेषतः लुसिओ मान्सिया यांनी, त्यांचे नाव पुढे केले आणि बुएनोस आइरेसचे आदोल्फो आल्सिना उपाध्यक्षपदावर समाधान मानायला तयार झाले, त्यामुळे गणित जुळले. मतमोजणी झाली तेव्हा सार्मिएन्तो परतीच्या बोटीवर होते. त्या काळी मतदान खुले असे आणि मतदार थोडे असत. त्यामुळे ‘जनतेने निवडून दिले’ हे शब्द आजच्या अर्थाने वापरू नयेत.

८. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी प्रत्यक्ष काय केले?

प्रथम मोजणी केली. १८६९ मध्ये देशाची पहिली राष्ट्रीय जनगणना झाली. लोकसंख्या अठरा लाखांच्या आसपास भरली आणि त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक लोक निरक्षर निघाले. सुमारे तीस हजार मुले शाळेत होती. त्यांच्या कारकिर्दीअखेर ही संख्या एक लाखाच्या घरात गेली. शिक्षणमंत्री निकोलास आव्हेयानेदा यांचा यात मोठा वाटा होता, आणि तेच पुढचे राष्ट्राध्यक्ष झाले. केंद्र सरकारने प्रांतांना शाळांसाठी अनुदान दिले, १८७० च्या कायद्याने गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांना मदत सुरू झाली आणि त्याच वर्षी पाराना येथील अध्यापक विद्यालयाचा हुकूम निघाला.

शाळांशिवाय लष्करी विद्यालय (१८६९), नौदल विद्यालय (१८७२) आणि कोर्दोबाची विज्ञान अकादमी ही त्यांच्याच काळातली. कोर्दोबाची वेधशाळा ऑक्टोबर १८७१ मध्ये उघडली. दक्षिण आकाशातील ताऱ्यांची नोंद करण्यासाठी येऊ इच्छिणारे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ बेंजामिन गूल्ड यांना त्यांनी राजदूत असतानाच शब्द दिला होता. ज्या देशात रस्ते धड नाहीत तेथे दुर्बीण कशाला, अशी टीका झाली. त्यावर त्यांचे उत्तर असे की हे नको असेल तर राष्ट्र म्हणवून घेण्याचा हक्कही सोडावा लागेल. लोहमार्गांची लांबी दुपटीहून अधिक झाली आणि १८७४ मध्ये समुद्री तारेने देश युरोपशी जोडला गेला.

९. त्यांनी अमेरिकेतून हजार शिक्षिका आणल्या, हे खरे आहे का?

हजार आणण्याचे स्वप्न होते. आल्या त्या साधारण पासष्ट व्यक्ती, त्यांतही मोजके पुरुष होते, आणि हे आगमन १८६९ ते १८९८ असे तीस वर्षे, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरही, चालू राहिले. भरतीचे काम बहुतांशी मेरी मान यांनी पत्रव्यवहारातून केले. पहिल्याच शिक्षिका, मेरी गॉर्मन, सान हुआनच्या वाटेवरील धोक्यांच्या बातम्या ऐकून बुएनोस आइरेसमध्येच थांबल्या आणि सार्मिएन्तोंचा संताप झाला. पारानाच्या विद्यालयाचे पहिले संचालक जॉर्ज स्टर्न्स हेही अमेरिकीच होते. येणाऱ्या शिक्षिकांना आधी तेथे काही महिने स्पॅनिश शिकावी लागे. त्यांतल्या बहुतेक प्रोटेस्टंट असल्यामुळे कॅथलिक चर्चशी खटके उडत. १८८४ मध्ये कोर्दोबाच्या धर्मप्रमुखाने तर कॅथलिकांनी आपल्या मुली कोर्दोबाच्या अध्यापक विद्यालयात पाठवू नयेत असे पत्रकच काढले.

१०. त्यांच्यावर गोळीबार झाला आणि त्यांना तो ऐकूच आला नाही, ही दंतकथा आहे का?

ही दंतकथा नव्हे. ऑगस्ट १८७३ मध्ये एका रात्री ते घोडागाडीतून आपले ज्येष्ठ मित्र, दिवाणी संहितेचे कर्ते दाल्मासिओ व्हेलेस सार्सफील्द यांच्या घरी निघाले होते. कोरिएन्तेस आणि माइपू या रस्त्यांच्या चौकात गुएर्री आडनावाच्या दोन इटालियन भावांनी गाडीवर नेम धरला. एकाने बंदुकीत दारू इतकी ठासली होती की ती त्याच्याच हातात फुटली. सार्मिएन्तो तोवर बरेच बहिरे झाले होते. काही घडले आहे हे त्यांना मुक्कामी पोहोचल्यावर, इतरांच्या सांगण्यावरून कळले. मारेकरी भाड्याचे होते आणि एन्त्रे रिओसचा बंडखोर कौदियो लोपेस होर्दान याच्या माणसांनी त्यांना नेमले होते असा आरोप होता. एप्रिल १८७० मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष उर्किसा यांचा खून झाल्यापासून त्या बंडाशी केंद्र सरकारचे युद्ध चालू होते.

११. पीतज्वराच्या साथीत राष्ट्राध्यक्ष राजधानी सोडून पळाले का?

सोडून गेले, हे नाकारता येत नाही. १८७१ च्या पहिल्या सहा महिन्यांत बुएनोस आइरेसमध्ये सुमारे चौदा हजार माणसे दगावली. शहराची वस्ती दोन लाखांहून कमी होती. ताप डासांमुळे पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. दक्षिणेच्या वस्तीतल्या कोंदट चाळींवर आणि स्थलांतरितांवर खापर फोडले गेले. दफनासाठी जागा पुरेना, म्हणून चाकारिताची नवी दफनभूमी उघडावी लागली. मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष मोठ्या लवाजम्यासह आगगाडीने शहराबाहेर गेले आणि वृत्तपत्रांनी त्यांना झोडपून काढले. मागे राहून आजाऱ्यांची सोय पाहणाऱ्या नागरिक समितीचे प्रमुख होसे रोके पेरेस हे त्याच साथीत गेले. सरकारचे काम चालू राहावे म्हणून प्रमुखाने सुरक्षित राहणे आवश्यक असते, असा बचाव करता येतो. तो आम्हाला अपुरा वाटतो.

१२. गाउचोंचे रक्त सांडायला काटकसर करू नका, असे त्यांनी खरोखर लिहिले होते का?

होय. सप्टेंबर १८६१ मध्ये मित्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी गाउचोंच्या रक्ताची काटकसर करू नये, कारण ते देशाच्या उपयोगी पडणारे खत आहे, असे लिहिले. गाउचो म्हणजे पाम्पाच्या मैदानांत घोड्यावर आयुष्य काढणारे, गुरे राखणारे, बहुधा मिश्र वंशाचे लोक. कौदियोंच्या सैन्यात हेच असत. पत्रातले वाक्य रागाच्या भरात निसटले, असे म्हणण्याची सोय पुढच्या घटनेने ठेवली नाही. नोव्हेंबर १८६३ मध्ये ला रिओहातला कौदियो आन्खेल व्हिसेन्ते पेन्यालोसा, ऊर्फ ‘एल चाचो’, याला ओल्ता येथे तो शरण आलेला असताना ठार मारण्यात आले आणि त्याचे डोके चौकात भाल्यावर टांगण्यात आले. शेजारच्या सान हुआनचे राज्यपाल आणि मोहिमेचे सूत्रधार सार्मिएन्तो होते. त्यांनी मित्रे यांना कळवले की ज्या पद्धतीने हे झाले, नेमक्या त्या पद्धतीसाठीच आपण त्याचे स्वागत केले.

‘शिक्षक सार्मिएन्तो’ थोर आणि ‘राजकारणी सार्मिएन्तो’ क्रूर, अशी वाटणी करून मोकळे होण्याची सवय अनेक लेखांत दिसते. आम्हाला ती पटत नाही. शाळा काढणारा आणि त्या भाल्याचे समर्थन करणारा माणूस एकाच वाक्यावर उभा होता, ‘सुधारणा नाहीतर रानटीपणा’; जो मुलगा शाळेत येईल तो नागरिक आणि जो बाहेर घोड्यावर राहील तो अडथळा, हा त्या वाक्याचा सरळ निष्कर्ष होता.

१३. आदिवासींविरुद्धची ‘वाळवंटाची मोहीम’ त्यांचीच ना?

नाही, ही गल्लत नेहमी होते. दक्षिणेकडील आदिवासींचा मुलूख जिंकणारी ती मोहीम १८७८ नंतर, आव्हेयानेदांच्या कारकिर्दीत आणि हुलिओ रोका यांच्या नेतृत्वाखाली झाली. सार्मिएन्तोंच्या काळात सीमेवर लढाया झाल्या; मार्च १८७२ मधील सान कार्लोसची लढाई, जीत काल्फुकुरा या प्रबळ प्रमुखाचा पराभव झाला, त्यांतली मोठी. मात्र मोहीम त्यांची नव्हती म्हणून विचार वेगळे होते असे नाही. आदिवासींविषयी त्यांनी वृत्तपत्रांतून अत्यंत तुच्छतेने लिहिले आणि १८८३ च्या ‘अमेरिकेतील वंशांचा संघर्ष व सुसंवाद’ या पुस्तकात तर दक्षिण अमेरिकेच्या मागासलेपणाचे खापर वंशसंकरावर फोडले.

१४. पेराग्वेचे युद्ध त्यांनी सुरू केले का? दोमिंगितो कोण?

युद्ध मित्रे यांच्या काळात पेटले. सार्मिएन्तोंनी ते वारशाने घेतले आणि १ मार्च १८७० रोजी सेरो कोरा येथे पेराग्वेचे फ्रान्सिस्को सोलानो लोपेस मारले गेल्यावर ते संपले. त्याच युद्धात, २२ सप्टेंबर १८६६ रोजी कुरुपाइतीच्या हल्ल्यात, एकवीस वर्षांचा दोमिंगो फिदेल ऊर्फ दोमिंगितो पडला. सार्मिएन्तो तेव्हा अमेरिकेत होते. त्यांनी १८४८ मध्ये बेनिता मार्तिनेस या विधवेशी लग्न करून तिच्या या मुलाला आपले नाव दिले होते. तो मुळात त्यांचाच मुलगा असावा असे अनेक चरित्रकार मानतात. पत्नीपासून ते तोवर विभक्त झाले होते. मुलाचे चरित्र त्यांनी वीस वर्षांनी, १८८६ मध्ये, पूर्ण केले.

१५. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा १४२० क्रमांकाचा कायदा त्यांनीच केला ना?

कायदा जुलै १८८४ चा, रोका राष्ट्राध्यक्ष असतानाचा आहे. सार्मिएन्तो १८८१ मध्ये राष्ट्रीय शाळांचे मुख्य अधीक्षक झाले होते, पण भांडणे होऊन लवकरच बाहेर पडले. माजी राष्ट्राध्यक्षाने शाळाखात्यात नोकरी धरावी यात त्यांना कमीपणा वाटला नव्हता. शालेय वेळात धर्मशिक्षण नको, यासाठी त्यांनी वृत्तपत्रांतून जी लढाई केली, तिचा कायद्यावर ठसा आहे. सही मात्र दुसऱ्यांची आहे.

१६. ११ सप्टेंबरला शिक्षक दिन का असतो?

तो त्यांचा मृत्युदिन आहे. १९४३ मध्ये पनामातील शिक्षणविषयक परिषदेत हा दिवस अमेरिका खंडाचा शिक्षक दिन म्हणून ठरला. तरी अनेक देश आपापली वेगळी तारीख पाळतात. आर्जेन्टिनात या दिवशी शाळांना सुट्टी असते.

१७. आज त्यांच्या खुणा कोठे पाहायला मिळतात?

सान हुआनमधील जन्मघर १९१० मध्ये देशातील पहिले राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक ठरले. अंगण आणि अंजीर तेथे आहे. समाधी बुएनोस आइरेसच्या रेकोलेता दफनभूमीत आहे. असुन्सिओनहून बोटीने आणलेली शवपेटी आर्जेन्टिना, चिली, पेराग्वे आणि उरुग्वे या चार देशांच्या ध्वजांत गुंडाळलेली होती. पन्नास पेसोंच्या नोटेवर १९९२ पासून बराच काळ त्यांचा चेहरा होता, आणि १८९७ मध्ये बांधलेले त्यांच्या नावाचे प्रशिक्षण जहाज आता पुएर्तो मादेरोच्या धक्क्यावर संग्रहालय म्हणून उभे आहे.

तिग्रेच्या त्रिभुज प्रदेशातील त्यांचे लाकडी घर मोठ्या काचेच्या पेटीत जपून ठेवले आहे. ओझिअर म्हणून ओळखली जाणारी, टोपल्या विणायला उपयोगी पडणारी विलोची काडी या बेटांवर त्यांनी लावली. आजही तेथे टोपल्या आणि खुर्च्या विणणारे कारागीर आहेत.

पालेर्मो बागेतला पुतळा फ्रेंच शिल्पकार रोदँ यांचा असून तो २५ मे १९०० रोजी उघडला गेला. चेहरा मुळीच जुळत नाही अशी ओरड झाली आणि पुतळ्याला पहारा द्यावा लागला. बाग ही मुळात रोसासची जमीन. ती सार्वजनिक करण्याचा कायदा सार्मिएन्तोंच्या कारकिर्दीतला, आणि बागेला नाव दिले ते ३ फेब्रुवारीचे, म्हणजे १८५२ मध्ये रोसासचा कासेरोसला पराभव झाला त्या दिवसाचे. रोसासचे घर १८९९ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले होते. आता त्याच परिसरात, सार्मिएन्तो यांच्या नावाच्या हमरस्त्याच्या तोंडाशी, १९९९ मध्ये बसवलेला रोसासचा अश्वारूढ पुतळा आहे.